दूरचा ढोल, दारची हलगी

परक्या लोकांचे संगीत आवडणे हा सद्गुण आहे काय, असे कोणी विचारले तर बहुतेक जण चटकन 'होय' म्हणतील. ज्याला दुसऱ्याचे गाणे गोड लागते त्याच्या मनात त्या दुसऱ्याविषयी तिरस्कार कसा राहील, असा त्यामागचा साधा तर्क असतो. आपल्या ख्रिस्तसभेच्या तर नावातच हा विशालपणा आहे. 'कॅथॉलिक' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'सार्वत्रिक' असा आहे. तेव्हा नगरच्या वसतिगृहातील एखादा विद्यार्थी अभ्यास आटोपल्यावर कानात हेडफोन घालून तासाभरात माली, आयर्लंड आणि पेरू या तिन्ही देशांची गाणी ऐकू लागला, तर आपण आपल्या धर्माच्या नावाला जागतो आहोत असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. या समजुतीची थोडी तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू. ती तपासणी दूर देशी जाऊन करता येणार नाही. आमच्या जिल्ह्यातच, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत व आता ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण ज्याला लोक अजूनही नुसते 'नगर' म्हणतात, तेथेच ती करावी लागते.

आमच्या कानांचा हा प्रवास एका मिस्सापासून सुरू झाला. १९५८ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोतील कामिना या गावी गीदो हाझेन नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी शाळेतील मुले आणि शिक्षक यांचा गायकवृंद जमवून 'मिस्सा लुबा' गाऊन घेतली. शब्द लॅटिनच; किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस असे नेहमीचे. चाली मात्र काँगोतल्या. लुबा लोक मृतासाठी जो शोक गातात त्याला 'कसाला' म्हणतात. 'किरिये' त्या वळणावर बांधलेले आहे. एकटा आवाज उठतो, मागून समुदाय त्याला झेलतो आणि खालून ढोल चालत राहतो. प्रभूपाशी दया मागावयाची तर ती रडणाऱ्याच्या सुरात मागावी, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नसेल. पुढे आर्जेन्टिनाच्या आरिएल रामिरेझ यांची १९६४ सालची 'मिसा क्रिओया' ऐकली. ती स्पॅनिश भाषेत आहे. लोकभाषेतील उपासनेला दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने नुकतीच मुभा दिली होती. तिच्यात अँडीज पर्वतातील लोकांचे ताल आहेत, चारांगो नावाचे छोटे तंतुवाद्य आहे, बोंबो नावाचा मोठा ढोल आहे. पोप फ्रान्सिस यांनी १२ डिसेंबर २०१४ रोजी ग्वादालूपे मातेच्या सणानिमित्त रोममधील सेंट पीटर महामंदिरात अर्पण केलेल्या मिस्सामध्ये हेच संगीत गायिले गेले. ज्या वेदीसमोर शतकानुशतके ग्रेगोरियन गायन घुमले तेथे डोंगरी शेतकऱ्यांचा ढोल वाजला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटली आणि अजूनही वाटते.

या सर्व संगीताला दुकानदारीच्या भाषेत 'जागतिक संगीत' म्हणतात. हे नाव कोणा संगीतशास्त्रज्ञाने दिलेले नाही. १९८७ साली लंडनमधील एका मद्यगृहाच्या माडीवर काही छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची माणसे जमली. आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका येथील ध्वनिमुद्रिका दुकानात कोणत्या फळीवर ठेवाव्यात हे दुकानदारांना कळत नाही, ही त्यांची अडचण होती. तेव्हा फळीवर लावण्यासाठी एक पाटी ठरली, तीच ही. गंमत अशी की त्या फळीवर पंढरीच्या वाटेवरचा अभंगही येतो आणि आपल्या आजीची जात्यावरची ओवीही येते. आपण ज्यांना 'जग' म्हणतो त्यांच्या लेखी आपणच 'जग' असतो. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेरबाबांची समाधी आहे. तिला लागून शेती करणाऱ्या कितीकांना हे ठाऊक नसेल की 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या एका विख्यात गीताच्या नावातील 'बाबा' ते हेच. त्याच नावातील 'रायली' हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, आणि त्यांनी गायन शिकले ते आपल्या पंडित प्राणनाथांपाशी. आम्ही इंग्लंडकडे कान लावून बसलो होतो आणि इंग्लंड अरणगावकडे.

असे दुरून लागलेले कान सारखेच असतात असे मात्र नाही. गी पॉइटवाँ हे जन्माने फ्रेंच. ते पुण्यात आले आणि येथलेच झाले. हेमा राइरकर यांच्यासह त्यांनी आणि खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्या स्त्रियांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने गायिली याची त्यांनी नोंद ठेवली. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी कृपया लक्ष द्यावे, कारण पुढील विवेचनात तिचे काम पडणार आहे. ओवी तर सगळ्यांचीच, तिला कुठले आले नाव, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते.

आता आमच्या दारच्या वाद्याकडे वळू. हलगी हे वाद्य दिसावयास अगदी साधे. लाकडाचे, हल्ली लोखंडाचे, एक कडे. त्यावर ताणून बसविलेले बकऱ्याचे कातडे. डाव्या हातात बारीक लवचीक काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. हवा दमट असली की कातडे सैल पडते, म्हणून वादक काटक्यांचा जाळ करून त्यावर ती शेकून घेतात, आणि मग तिचा आवाज असा कडक होतो की दोन शिवारे ओलांडून जावा. पश्चिम आफ्रिकेतील जेंबे या ढोलालाही बकऱ्याचेच कातडे असते व तोही शेकावा लागतो, हे आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिले तेव्हा झालेला आनंद काय सांगावा! मालीतील माणूस आणि नगरचा माणूस एकाच जनावराच्या कातड्यातून, एकाच अग्नीच्या साह्याने, आपापला ताल काढतात. वसतिगृहात त्या रात्री टेबलावर बोटे वाजवून आम्ही मित्रांनी दोन्ही तालांची जुळवाजुळव करून पाहिली, आणि ते जुळले.

सुटीत घरी गेल्यावर आजोबांना म्हटले, आम्हांला हलगी शिकवा. आमच्या नगर जिल्ह्यातील पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबांप्रमाणे आमचेही कूळ गावकुसाबाहेरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळ, संगमनेर या बाजूंना जर्मन व स्विस येशूसंघीय धर्मगुरू आले, आणि महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. मांग समाजाकडे गावकीची जी कामे होती त्यांत वाजविणे हे एक. लग्नाची वरात, पोळ्याची मिरवणूक, जत्रा, कुस्त्यांचा फड, दवंडी, आणि थोरामोठ्यांच्या घरची अंत्ययात्राही. आजोबा हे सर्व करून चुकलेले होते. त्यांनी सांगितले की देवळापुढे वाजवू नये असे फादर बजावीत, आणि वाजविले नाही तर गाव बलुते बंद करी. दोन्हींच्या मध्ये माणूस उभा. शिकविण्याविषयी मात्र ते एवढेच म्हणाले, "तुला हौस हाय. आमाला हुकूम व्हता."

या दोन शब्दांत, हौस आणि हुकूम यांत, आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. ताल तोच, कातडे तेच, हातही एकाच रक्ताचे. परंतु ज्याला हवे तेव्हा वाजविता येते व नको तेव्हा खाली ठेवता येते त्याचे वाजविणे निराळे, आणि ज्याला नकार देण्याची सोय नाही त्याचे निराळे. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात हा भेद सापडत नाही. ऐकणाऱ्यालाही तो ऐकू येत नाही. वरातीतील पाहुणे हलगीवर बेभान होऊन नाचत आणि पंगत बसली की वाजविणारे कोठे बसले आहेत याची त्यांना शुद्ध नसे. वाद्यावर मनापासून प्रेम आणि वादकाला वेशीबाहेर जागा, या दोन गोष्टी एकाच मनात, एकाच दिवशी, सुखाने नांदू शकतात. म्हणून परक्याचे गाणे आवडले म्हणजे परका आवडला, हा आरंभीचा तर्क टिकत नाही. आपल्या गावांनी तो पिढ्यान्‌पिढ्या खोटा पाडलेला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड सत्याग्रहापासून आपल्या लोकांना गावकीची हलकी कामे टाकून देण्यास सांगितले. मृत जनावरे ओढण्याचे काम सुटले, तद्वत पुष्कळ ठिकाणी वाजविण्याचेही सुटले. ख्रिस्ती कुटुंबांत शाळेने तेच काम केले. शिक्षक झालेला, कंपाउंडर झालेला, साखर कारखान्यात कारकून झालेला मुलगा हलगीला हात कसा लावील? खुंटीवरची हलगी आधी पोटमाळ्यावर गेली आणि मग नाहीशी झाली. शहरी कलाप्रेमी मंडळी यावर हळहळतात. एक मोठी लोककला लोप पावत आहे, असे म्हणतात. त्यांची हळहळ खरी आहे. पण ती कला लोप पावली नाही, कोणीतरी ती विचारपूर्वक खाली ठेवली, आणि ठेवताना त्याची मान प्रथमच ताठ झाली, हे सांगितल्याशिवाय ती हळहळ पुरी होत नाही.

मग ती पुन्हा उचलावी की नाही? येथे आम्हांस अमेरिकेतील एका गायकवृंदाची हकीकत उपयोगी पडली. यादवी युद्धानंतर नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १८६६ साली फिस्क नावाचे विद्यालय निघाले. पाचच वर्षांत ते कर्जात बुडाले. तेव्हा ऑक्टोबर १८७१ मध्ये तेथील नऊ विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करून पैसा उभा करण्यासाठी बाहेर पडले. मळ्यांवर राबताना आईबापांनी गायिलेली भक्तिगीते त्यांना येत होती, पण ती लोकांपुढे गाण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्यापैकी एला शेपर्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे की ती गाणी गुलामगिरीच्या काळोखाशी जोडलेली होती, आणि शिवाय आईवडिलांच्या दृष्टीने ती पवित्र होती. दोन्ही कारणांनी ती चारचौघांत गाइली जात नसत. आधी आपापसांत, मग हळूहळू श्रोत्यांपुढे ती आली. १८७३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियापुढे गायन केले आणि मिळालेल्या पैशातून विद्यालयाची भव्य इमारत उभी राहिली; ती अद्याप आहे. वृंदाचे नाव त्यांनी 'ज्युबिली सिंगर्स' असे ठेवले होते. बायबलमधील जुबिली वर्ष म्हणजे गुलामांच्या सुटकेचे वर्ष; २०२५ साली आपणही ख्रिस्तसभेत जुबिली वर्ष पाळले तेव्हा हा अर्थ किती जणांच्या ध्यानी आला असेल कोण जाणे.

फिस्कच्या विद्यार्थ्यांनी गाणे बदलले नाही. बदलले ते इतर सर्व. कोठे गावयाचे, कोणते गावयाचे, कोणते घरातच ठेवावयाचे, किती तिकीट लावावयाचे आणि पैसा कशासाठी वापरावयाचा, हे आता गाणाऱ्यांच्या बाजूने ठरू लागले. प्रवासात खाणावळींनी त्यांना जागा नाकारली असे अनेकदा घडले. म्हणजे श्रोते लगेच सुधारले असे नाही. तरीसुद्धा हुकमाचे गाणे या वाटेने आपल्या मर्जीचे झाले. आजोबांच्या पिढीला ही वाट उपलब्ध नव्हती. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते, वाजविणे किंवा टाकून देणे, आणि त्यांतला मानाचा पर्याय त्यांनी घेतला. त्यांना संकुचित म्हणणाऱ्या तरुणांशी आमचा वाद आहे.

या विचाराने आम्ही पुन्हा आफ्रिकेकडे वळलो तेव्हा तेथलेही चित्र पूर्वीइतके निर्मळ राहिले नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसे दुरून ढोलही साजरे. सेनेगलमध्ये गायक-वादकांची वंशपरंपरागत जात आहे. फ्रेंच लोक तिला 'ग्रियो' म्हणतात. राजांच्या वंशावळी त्यांनीच मुखोद्गत ठेवल्या, लग्ने त्यांच्यावाचून लागत नसत. पण त्यांच्याशी सोयरीक होत नसे, आणि ते मेले म्हणजे त्यांना जमिनीत पुरू देत नसत. पुरले तर जमीन नापीक होईल अशी समजूत होती. त्यांचे देह गोरखचिंचेच्या अजस्र पोकळ खोडात ठेवीत, आणि विसाव्या शतकापर्यंत ही चाल होती. नगरच्या माणसाला हे समजावयास दुभाष्या लागत नाही. मालीत याचे उलटे उदाहरण आहे. सालिफ केइता हे जगप्रसिद्ध गायक सुंदियाता या सम्राटाच्या राजवंशातले. गाणे हे खालच्यांचे काम, ते आपल्या मुलाने करावे हे घराण्याला मानवले नाही आणि त्यांना घरापासून दूर व्हावे लागले. एकाला गाण्यावाचून सुटका नाही, दुसऱ्याला गाण्यास मनाई. वेस एकच, फक्त तिच्या दोन बाजूंना दोघे उभे.

दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १९३९ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले 'म्बुबे' हे गाणे पुढे इंग्रजी रूपात साऱ्या जगाने गुणगुणले, चित्रपटांतून वाजले. लिंडांना त्याचे दहा शिलिंग मिळाले होते. १९६२ मध्ये ते दारिद्र्यात वारले, आणि त्यांच्या मुलींना न्याय्य वाटा मिळण्यास २००६ साल उजाडले. ज्या कोट्यवधी लोकांनी ते गाणे आनंदाने ऐकले ते दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त नाव विचारले नाही. ओव्यांच्या वहीत बाईचे नाव व गाव लिहिणाऱ्यांचे महत्त्व येथे कळते.

आता आपल्या उपासनामंदिराकडे येऊ. १९०३ साली, ज्या वर्षी फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथून 'निरोप्या' मासिक सुरू केले त्याच वर्षी, पोप दहावे पायस यांनी संत सिसिलियाच्या सणादिवशी पवित्र संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात पियानोला चर्चमध्ये बंदी होती आणि ढोलासारख्या गोंगाटी वाद्यांनाही. हलगीचा विषय त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण असता तर उत्तर ठरलेले होते. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले. त्यानंतर आपल्या गायकवृंदांत तबला आला, पेटी आली, आरतीच्या व अभंगाच्या चाली आल्या. नगरच्या प्रॉटेस्टंट बंधूंमध्ये कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन रुजविले होते आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यास काव्याचे वैभव दिले होते. त्याचाही लाभ आपल्याला झाला. हे सर्व उत्तमच झाले.

तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. 'आपली संस्कृती' म्हणून आपण चर्चमध्ये जे आणले ते प्रायः वेशीच्या आतले होते. पेटीचे उदाहरण घ्या. ती अस्सल परदेशी. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास अलेक्झांद्र दबॅं यांनी ती बनविली, मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारण्याजोगी केली. आकाशवाणीने तिला १९४० ते १९७१ बाहेर ठेवले, कारण तिच्या ठरीव पट्ट्यांतून आपल्या रागांच्या श्रुती निघत नाहीत. तरीही आज पेटीवाचून भजन नाही, आणि ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पॅरिसहून आलेले वाद्य शंभर वर्षांत आपले झाले. गावकुसावरून ऐकू येणारे वाद्य वेदीपाशी पोहोचले नाही. बिशप महोदयांचे आगमन झाले की हलगी आणि लेझीम रस्त्यावर असतात, मिरवणूक चर्चच्या पायरीशी येते, आणि तेथे हलगी थांबते. आत पेटी सुरू होते. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून ती बदलणेही अवघड.

तामिळनाडूत परई नावाचे हलगीसारखेच वाद्य आहे, आणि त्याचा इतिहासही तसाच अंत्ययात्रेचा व अपमानाचा आहे. दिंडीगुल येथे एका कॅथॉलिक भगिनीने स्थापिलेल्या शक्ती लोककला केंद्रातील दलित मुली आज परई वाजवितात. पूर्वी हे वाद्य पुरुषांनीच वाजवावे असा दंडक होता. म्हणजे त्या मुलींनी एकाच ठोक्याने दोन मनाया मोडल्या. त्या कोणाच्या वरातीत वाजवीत नाहीत. आम्हांस हे पाहून आपल्या जुन्या करारातील मिर्यामेची आठवण झाली. तांबडा समुद्र ओलांडून गुलामांचा जनसमूह पैलतीरी आला तेव्हा तिने एक वाद्य हाती घेतले आणि इतर स्त्रिया तिच्यामागून नाचत निघाल्या. मराठी बायबलात त्या वाद्याला शब्द आहे 'डफ'. डफ आणि हलगी ही तर सख्खी भावंडे. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात देवाच्या स्तुतीसाठी जी वाद्ये बोलाविली आहेत त्यांतही डफ आहे. दर वर्षी आपण ते वाचतो आणि पेटीकडे पाहतो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. काही जण म्हणतात, नादाला जात नसते, कशाला जुने उकरता, वाजवा आणि मोकळे व्हा. नादाला जात नसेल. नाद काढणाऱ्याला ती चिकटविलेली असते आणि तो मोकळा झाल्याशिवाय नाद मोकळा होत नाही. दुसरे म्हणतात, ज्या वाद्याने आमच्या बापजाद्यांना वाकविले ते पवित्र स्थळी नकोच. हा आक्षेप फार वजनदार आहे आणि तो करण्याचा अधिकार ज्यांनी वाजविले आहे त्यांचाच आहे. आमचे म्हणणे इतकेच की हा निर्णय त्यांच्या मुला-नातवंडांना पुन्हा घेता आला पाहिजे, आणि तो घेताना त्यांच्यावर लोककलाप्रेमींचा आग्रह नसावा तशी शेजाऱ्यांच्या हसण्याची भीतीही नसावी. कोणी 'नाही' म्हणाले तर ते 'नाही' पूर्ण समजावे. 'होय' म्हणाले तर त्यांना पायरीशी थांबवू नये.

याहून अडचणीचा प्रश्न निराळा आहे व तो आपल्या घरातला आहे. आपण हलगी खाली ठेवली, परंतु हलगीची गरज ठेवली. सणाच्या मिरवणुकीला ती हवीच असते. मग शेजारच्या वस्तीतील, बहुधा ख्रिस्ती नसलेल्या, मातंग कुटुंबाला निरोप जातो. ते दुपारी येतात, जाळ करून हलग्या शेकतात, रस्ताभर वाजवितात, आणि चर्चच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसतात. मिस्सा संपते, स्नेहभोजन होते, शेवटी कोणीतरी त्यांना पत्रावळ्या नेऊन देतो. हे कोणत्या धर्मग्रामात घडते ते सांगण्याचे कारण नाही. वाचकांनी आपापल्या सणाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. त्या पत्रावळीत अन्न कमी नसते, देणाऱ्याच्या मनात वाईटही नसते. पण ज्यांचे आजोबा याच झाडाखाली बसले होते, तेच आता वाढणाऱ्यांच्या बाजूला आहेत, आणि झाड तेथेच आहे. शेजारी कोण, असे प्रभूला विचारणाऱ्या शास्त्र्याला जी गोष्ट ऐकावी लागली तीत जखमी माणूस रस्त्याच्या कडेलाच होता. त्याला पाहण्यासाठी लांब जावे लागत नव्हते.

सणानंतर समितीने फलकावर लावलेला एक हिशेब आमच्या पाहण्यात आहे. त्यात गायकवृंदाचा खर्च 'उपासना' या सदरात होता: पेटीची दुरुस्ती, गीतपुस्तिका, चहा. हलगीवाल्यांना दिलेली रक्कम 'मंडप, लाउडस्पीकर व इतर' या सदरात होती आणि तिच्यापुढे नाव नव्हते, केवळ 'वाजंत्री' एवढाच शब्द. युवक मंडळातील काही जणांनी यंदा समितीपुढे एक अर्ज ठेवावयाचे ठरविले आहे. अर्जात तीन ओळी आहेत. हलगी वाजविणाऱ्यांची नावे पावतीवर लिहावीत. त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे. आणि मिस्सामध्ये वाजवावयाचे की नाही हे त्यांनाच विचारावे, वाजविणार असतील तर अर्पणाच्या मिरवणुकीत त्यांना वेदीपर्यंत येऊ द्यावे. तिसऱ्या ओळीवर चर्चा होणार हे उघड आहे. पहिल्या दोन ओळींसाठी कोणाच्या परवानगीची गरज आहे, असे बैठकीआधीच एका काकूंनी विचारले, आणि हलगीवाल्यांची नावे विचारून येण्यासाठी दोन मुलांना सायकलवर वस्तीकडे पाठविले.